इस्कंदरियाचे आठ दिवस

काही खरं विचारायचं असलं की चाचा आधी खांद्यावरचा रुमाल काढत. तो माझ्या आणि त्यांच्या हातावर टाकत, खालून माझी बोटं धरत आणि मग म्हणत, "हं, आता बोल. रुमालाखाली खोटं चालत नाही."

अमरावतीच्या कापसाच्या बाजारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर ही भाव ठरवायची रीत पाहिलीच असेल. दोन माणसं रुमालाखाली हात घालून आभाळाकडे बघत उभी असतात. लांबून वाटावं, दोघांच्या घरी सुतक आहे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. तोंडाने हव्या तेवढ्या थापा माराव्यात, पण बोटांनी दिलेला आकडा फिरवायचा नाही. चाचांनी हा नियम बाजारातून घरी नेला होता. भाजीत मीठ जास्त झालंय का, हेही ते रुमालाखाली विचारत.

ते रुईचे पारखी होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून धागा लांब की आखूड ते सांगायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. बोटांना ती खोड इतकी की बोलता बोलता समोरच्याच्या कपड्याचा दोरा ओढत. माझ्या एका बंडीची बाही त्यांनी अशीच गप्पांत संपवली.

मी रत्नागिरीकडचा. तिसऱ्या पुस्तकावर शाळा सोडली; मास्तरांनीही फारसं अडवलं नाही. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेला तिकडचा कापूस मिळेनासा झालेला आणि वऱ्हाडात रुईला सोन्याचे दिवस आलेले, एवढं मुंबईत ऐकलं आणि इकडे आलो. आलो तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. चाचांनी मला गाठींवर खुणा रंगवायच्या कामावर चिकटवलं. कुंचला कुठल्या टोकाने धरतात हेही मला माहीत नव्हतं. मालकाने शंका काढली तर चाचा म्हणाले, "गडी दर्यावरचा हाय. पान्याले भीत नाही, रंगाले काय भिईल?"

दर्यावरचा ही माझीच थाप. चार लोकांत आपलंही काही वजन असावं म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझा जन्मच लाटांवर गेला. खरं म्हणजे मी एकदाच बोटीत बसलो होतो, गावाहून मुंबईला येताना, आणि ते बसणंही नव्हतं; आडवं पडणं होतं. बंदरात उतरल्यावर तांडेलाच्या पाया पडलो होतो. त्यानंतर चार वर्षांत मी घरी गेलो नव्हतो. आई कुणाकडून तरी पत्र लिहून घ्यायची, कधी येतोस. मी लिहायचो, काम फार आहे. काम होतंच, पण आड येत होती ती बोट.

अशा माणसाकडे चाचांनी समुद्राचा सल्ला मागितला.

झालं असं की, मुंबईच्या एका खरेदीदाराने त्यांना सुएझच्या पलीकडल्या इस्कंदरिया बंदरातल्या कापसाची चिमूट दाखवली. चाचांनी ती ओढली, आणि ओढतच राहिले, धागा संपेना. मग त्यांनी त्या शहराची चौकशी केली. खरेदीदाराने सांगितलं की तिथे समुद्राला लागून लांब कठडा आहे, वर्षभर ऊन असतं, लोक कठड्यावर बसतात, कहवा पितात.

"आन करतात काय?" चाचांनी विचारलं.

काहीच करत नाहीत, असं उत्तर आलं. त्या 'काहीच नाही'ने चाचांना झपाटलं.

तेजीमुळे हजला जाण्याइतकी पुंजी त्यांच्याकडे जमली होती. बायको मागेच वारली होती, मूलबाळ नव्हतं. हज झाली की सुएझवरून पुढे इस्कंदरियाला आठ दिवस, असा बेत त्यांनी आखला आणि तो मला रुमालाखाली सांगितला. उघड सांगायची त्यांना लाज वाटत होती. पहिला दिवस, कठड्यावर बसायचं. दुसरा दिवस, बसायचं. तिसऱ्या दिवशी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचं. "हातात रुई नाही, काही नाही. हे दोन हात नुस्ते उन्हात ठेवाचे हायत मले."

मग रोज प्रश्न. दर्यावाले, जहाजात झोप लागते का? दर्यावाले, पोट कसं राह्यते? मी सुंठ चघळायला सांगितली, लांब नजर ठेवायला सांगितली. पोटाचं काय, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं, म्हणालो.

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली होती. त्यांची बहीण अकोल्यात राहायची आणि मेहुणेही हजला बरोबर निघाले होते. मी चाचांना पोचवायला बैलगाडीतून निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका निंबाखाली बैल सोडले. भाकर तशीच ठेवून चाचांनी रुमाल काढला. खालून माझा हात धरला.

"दर्यावाले, मले भेव लागून राह्यलं. खरं सांग. बोटीत तू किती वेळा ओकला?"

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं सांगावं तर हा माणूस इथूनच गाडी वळवील, आणि इस्कंदरियाच काय, हजही राहील. खोटं सांगावं तर वर रुमाल. ज्याने मला कामाला लावलं, राहायला जागा दिली, त्याचाच हात हातात. मी सगळा पंजा दाबला. मग दोन बोटं. सात.

चाचा हसले नाहीत. त्यांनी गाडीतल्या गादीची रुई ओढून बघितली.

"आन पोचला?"

"पोचलो."

"सात म्हंजे मोजता येते," ते म्हणाले. "मोजता येते तर मानूस जित्ता राह्यते." आणि त्यांनी भाकर खायला घेतली. खाता खाता म्हणाले, "म्हनून तू मायले भेटाले जात नाहीस. जाजो बापा. मी एवढ्या दूर जाऊन राह्यलो, तुले त एकच दर्या हाय."

मी हो म्हणालो. पण तोवर रुमाल परत त्यांच्या खांद्यावर गेला होता, त्यामुळे ते हो मी मोजलं नाही.

अकोल्यात आपांनी, म्हणजे चाचांच्या बहिणीने, गाठोड्यात दोन जाड रजया कोंबल्या. आठ दिवसांचा बेत कळल्यावर म्हणाल्या, "हजवून येनारा मानूस हवा खाले थांबते काय?" चाचा खाली बघत त्यांच्या ओढणीचा दोरा ओढत राहिले. स्टेशनात गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांचे दोन्ही हात दिसले, मोकळे.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, बाजारात रुमाल नुसते घाम पुसायला उरले. एके दिवशी चाचांचे मेहुणे मला शोधत गोदामात आले, एकटे. ते काही बोलण्याआधी मी रडायच्या बेतात होतो.

चाचा खुशाल होते. बेताप्रमाणे दोन दिवस कठड्यावर बसले. तिसऱ्या दिवशी समोरून रुईच्या गाठींची गाडी गेली, एक गाठ उसवलेली. चाचांचा हात गेलाच. धागा ओढला, मान हलवली. गाडीमागचा व्यापारी थांबला. दोघांना एकमेकांचा शब्द कळेना. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. आता ते तिथेच पारखी आहेत. कठड्यावर फक्त शुक्रवारी बसतात.

"तुमच्यासाठी निरोप हाय," मेहुणे म्हणाले, आणि जरा ओशाळून त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला. "असाच द्या म्हनले." एकदा पंजा दाबला, पुन्हा पंजा, मग एक बोट. अकरा. "आन म्हनले, अकरावाला पोचला, सातवाला काहून बसला?"

त्याच आठवड्यात मी निघालो. मुंबईहून बोट सुटली तेव्हा उपरण्याखाली डाव्या हाताने उजवा हात धरून बसलो होतो. एक ओकारी झाली, एक बोट धरलं. दोन झाल्या. चौथं बोट धरलं आणि आमच्या बंदरावरच्या माडांचे शेंडे दिसले.

आई धक्क्यावर उभी होती. मी उतरलो, तिच्या पाया पडलो, तरी उजवा हात उपरण्याखालीच होता, चार बोटं तशीच धरलेली. चाचा मला पुन्हा कधी भेटले नाहीत. तो आकडा अजून माझ्याकडेच आहे.