सासूबाईंबरोबर बाजाराला

कन्हानच्या ज्या कोळसा वाहतुकीच्या ऑफिसात मी बिलं बनवायचो, ते एका दिवाळीनंतर बंद झालं. मालकाचं कंत्राट गेलं, ट्रक विकले गेले, आणि आम्हा चार-पाच जणांच्या हातात शेवटचा पगार ठेवून मालकानं हात जोडले. त्याच सुमारास माझ्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे नागपूरला आल्या होत्या. नरखेड तालुक्यातल्या एका लहान गावात त्यांची शेती. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती मेहुणा बघायचा. पंधरवडाभर राहून त्या परत जाणार होत्या. पण मी घरी बसलो आणि त्या राहिल्या. राहते असं त्या म्हणाल्या नाहीत, राहा असं आम्हीही म्हटलं नाही. त्यांची पिशवी खुंटीवरून उतरली नाही, एवढंच.

आमचं घर म्हणजे पूर्व नागपुरातल्या दोन भाड्याच्या खोल्या. बायको एका खाजगी शाळेत शिकवायची. आता घर तिच्याच पगारावर चालणार होतं. भाडं, वीज, गॅस आणि औषधं काढून ठेवली की किराण्याला जे उरायचं, ते ती देवाजवळच्या स्टीलच्या डबीत टाकायची. एका रविवारी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि म्हणाली, "माझ्यानं आता शाळा आणि बाजार दोन्ही होत नाही. किराणा तुम्ही दोघं पाहा. डबीत आहे तेवढ्यात महिना काढायचा. मधात मागायचं नाही."

मी मान हलवली. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

खरी अडचण पैशांपेक्षा वेगळी होती. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. जावयासमोर खाटेवर बसायचं नाही, जावयाला नावानं हाक मारायची नाही, आणि शक्य तोवर त्याच्याशी बोलायचंही नाही, अशा रीतीत त्यांचं आयुष्य गेलेलं. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्यामार्फत सगळा कारभार चालायचा. "तुह्या पप्पाले सांग, पानं वाढले." मी शेजारीच बसलेला असायचो. मुलगी माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगायची, "पप्पा, पानं वाढले." मग मी उठायचो.

अशा बाईसोबत मला किराण्याला जायचं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मी पुढे, त्या पाच-सहा पावलं मागे, मुलगी मधे. मी तुरीच्या डाळीचा भाव विचारला. दुकानदारानं सांगितला आणि मागून एकदम आवाज आला, "काहून गा बाप्पा? सोनं मिसळलं का त्याच्यात?"

दुकानदार हसला. मी वळून पाहिलं. सासूबाईंनी पुडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि परत ठेवून दिला. बाहेर आल्यावर त्या पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलल्या. "जावईबापू, मी जलमात तुरीची दाय इकत नाही घेतली. आपल्या वावरात तूर होते. पोराले निरोप धाडू का? एक कट्टा भरून पाठवून देईन तो."

मी म्हटलं, "नको आई."

"काहून?"

"सासरवाडीचं धान्य आणून घरी बसून खायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही राहिलात हेच खूप आहे."

नातीचं बोट धरून त्या चालू लागल्या. मला वाटलं, रागावल्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "बरं. नका आणू. मंग सस्तं कुठी भेटते, थे पाहा लागन."

इथून आमचं फिरणं सुरू झालं. बायको शाळेत गेली की आम्ही तिघं निघायचो. मला बाजाराचं काही कळत नव्हतं, कारण लग्नाआधी आई आणायची आणि लग्नानंतर बायको. सासूबाईंना धान्य हातात घेतल्याबरोबर जुनं की नवं ते कळायचं, पण विकत घेणं कळत नव्हतं. मीठ, चहा आणि साखर सोडली तर त्यांच्या घरात फारसं काही विकत येतच नसे. म्हणून आम्ही दोघंही सारखेच फसायचो. एकदा आठवडी बाजार उठताना एका बाईनं मेथीचा उरलेला ढीग अगदी मातीमोल भावात देऊ केला. सासूबाईंचे डोळे चमकले. त्यांनी ती सगळीच्या सगळी घेतली. पिशवीत मावेना, तेव्हा पदरात घेतली. मग आमच्याकडे मेथीची भाजी झाली, मेथीचं पिठलं झालं, मेथीचे पराठे झाले, मेथी घातलेलं वरण झालं. चौथ्या की पाचव्या दिवशी बायको डबा उघडून म्हणाली, "आई, आता माझ्या कानातून मेथी उगवन वं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ऑपरेशन झालेला डोळा रुमालानं टिपावा लागला.

लकडगंजला डाळ मिलच्या बाजूनं जाताना मला दारात पोती दिसली. डाळ भरडताना जे तुकडे पडतात, त्यांची ती पोती होती. भाव अख्ख्या डाळीपेक्षा बराच कमी. मी घेऊ म्हटलं तर सासूबाईंनी माझ्या बाहीला हात लावून मला थांबवलं. "जावईबापू, हे तं आमी ढोराले घालतो. लोकं पाहून राहिले. चला."

पण मी घेतली. त्या वाटेत पूर्ण वेळ पोतं दुसऱ्याचं असल्यासारख्या लांबून चालल्या. घरी मी ती चाळली, कोंडा काढला, धुतली आणि कुकरमध्ये लावली. तुकडाच असल्यामुळे ती लवकर शिजली, गॅसही वाचला, आणि वरण चांगलं दाट झालं. सासूबाई पहिला घास घेऊन नातीला म्हणाल्या, "तुह्या पप्पाले सांग, ढोरं आतापर्यंत लई मजेत होते."

डोळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना धग आणि वाफेपासून जपायला सांगितलं होतं. त्यामुळे चुलीपुढे मी, म्हणजे गॅसपुढे मी, आणि दाराशी पाटावर त्या, अशी आमची बसायची जागा ठरून गेली. फोडणीच्या आवाजावरून त्या सांगायच्या, "आता टाका." तेल त्या डोळ्यांनी नाही, आवाजानं मोजायच्या. मी एखाद्या वेळी हात सैल सोडला की मागून "हंऽऽ" असा आवाज यायचा. मग मी बाटली खाली ठेवायचो. पाटवड्या मात्र मला त्यांच्यापेक्षा नीट थापता येऊ लागल्या. शिजवलेलं बेसन ताटाला तेल लावून गरम असतानाच पातळ पसरायचं आणि काप पाडायचे. पातळ पसरल्या की तेवढ्याच बेसनात जास्त निघतात. एखादी कड तुटलीच तर ती दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातावर जायची.

महिन्याच्या शेवटी, डबीत जवळजवळ काही उरलेलं नसताना, सासूबाईंचे थोरले भाऊ आणि भावजय आले. बायको शाळेत होती. नागपुरात कुणाचं तरी लग्न होतं. बहिणीला भेटून, जेवून पुढे जाऊ, असा त्यांचा बेत. मामा म्हणजे मोठे कास्तकार, संत्र्याचा बगीचा, बोलणं खणखणीत. माझी नोकरी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. सासूबाईंनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या मला आतल्या खोलीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "बेसन आहे नं?"

"आहे. खोबरंही आहे थोडं."

"मंग पाटवडी-रस्सा करू. पण तुमी बाहेर बसा. माह्या भावासमोर जावई चुलीपुढे नाही बसत."

"आणि तुमचा डोळा?"

"डोयाले काय होते!"

मी बाहेर जाऊन बसलो. मामा संत्र्याच्या भावाबद्दल, मजूर मिळत नाहीत त्याबद्दल बोलत होते. आतून मला फोडणीचा आवाज येत होता, त्यामागून सासूबाईंचा खोकला. मी पाणी आणतो म्हणून उठलो. आत पाहिलं तर त्या डोळ्यावर पदर धरून एका हातानं बेसन घोटत होत्या. मी त्यांच्या हातातून उलथणं घेतलं. त्यांनी दिलं. परत बाहेर येऊन बसलो, परत उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, काहून घडीघडी उठून राहिले? तब्येत बरी नाही का?"

जेवायला बसलो. रश्शाला तर्री फार नव्हती, पण कांदा-खोबरं चांगलं भाजलेलं होतं आणि वाफ घरभर पसरली होती. मामांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. वाटी तोंडाला लावून म्हणाले, "बाई, हात नाही बदलला तुहा. मायच्या हातची चव आहे."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना गप्प राहता आलं असतं. मी तेच धरून चाललो होतो. पण त्या म्हणाल्या, "मी नाही केलं. जावईबापूनं केलं."

मामींचा घास हातातच राहिला. मामांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्याईची कंपनी बंद झाली," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी कमावून राहिली. घर आमी दोघं पाहून राहिलो. चांगलं पाहून राहिलो."

 मी ताटातल्या कांद्याकडे बघत राहिलो. इतके दिवस मी ओळखीच्या लोकांना टाळत होतो, कुणी विचारलं तर सुट्टीवर आहे म्हणून सांगत होतो. सासूबाईंनी ते भाकरी वाढावी तितक्या सहज सांगून टाकलं होतं. विचित्र म्हणजे, मला लाज वाटण्याऐवजी मोकळं वाटलं.

मामांनी वाटी पुसून खाल्ली. मग म्हणाले, "मंग जावईबापू, तुरीच्या सवंगणीले जा ना बाईच्या वावरात. बाई, तुहा पोरगा मजूर पाहून पाहून थकला. दोन हात त्यालेही पाह्यजेत."

सवंगणी म्हणजे तुरीची कापणी. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"मजुरी घेईन," मी म्हटलं.

"फुकट कोण ठेवते?" त्या म्हणाल्या.

संक्रांतीच्या आसपास आम्ही एसटीनं गावी गेलो. मी, सासूबाई आणि मुलगी. बायकोला शाळेमुळे येता आलं नाही. गावात पाय ठेवल्याबरोबर सासूबाईंचा आवाज बदलला, चालण्याला वेग आला. मेहुणा मला पाहून ओशाळला. "दाजी, तुमी बांधावर बसा. लोकं मले काय म्हणतीन?" मी विळा मागितला. तुरीची खोडं जाड असतात, पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. बाजूच्या ओळीतल्या बाया माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावून हसत. दुपारी सगळ्यांसोबत बांधावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्या आठवड्यात मला इतकी भूक लागायची, की तशी आधी कधी लागल्याचं आठवत नाही. मुलगी बांधावरच्या शेळीच्या पिलामागे दिवसभर पळायची आणि अंधार पडायच्या आत झोपून जायची.

मळणी झाल्यावर अंगणात मजुरी वाटली गेली. पैशांऐवजी ज्याला तूर हवी त्याला तूर. सासूबाई स्वतः माप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला बोलावून ओळीत उभं केलं, दोन बायांच्या मागे. माझी पाळी आली. त्यांनी मोजून घातली. मेहुण्यानं हळूच वरून दोन मापं आणखी टाकली. सासूबाईंनी ती परत काढून ढिगावर ओतली.

"मजुरी आहे थे," त्या म्हणाल्या. "आहेर नोहे."

मी पोत्याचं तोंड बांधलं. सुतळी नीट दिसत नव्हती. धूळ खूप उडत होती.

नागपुरात घरमालकिणीच्या गच्चीवर आम्ही त्या तुरीला तेलाचा हात लावला, उन्हात पसरली, संध्याकाळी गोळा करून झाकली, परत पसरली. मग चक्कीवर भरडून आणली. दुपारभर सासूबाई सुपानं पाखडत आणि मी चाळत. मधेमधे त्या गावातल्या गोष्टी सांगत. कुणाचं लग्न कसं मोडलं, सासऱ्यांनी पहिली मोटरसायकल घेतली तेव्हा ते तिला रात्री घरात आणून कसे ठेवायचे. हे सगळं त्या सरळ मला सांगत होत्या. मुलगी मधे नव्हती, ती गच्चीच्या कोपऱ्यात झोपली होती. त्या डाळीचं पहिलं वरण झालं त्या दिवशी बायको शाळेतून थकून आली, भातावर वरण घेतलं, मग परत घेतलं. शेवटी भांडं तिरपं करून पाहिलं, अजून आहे का म्हणून.

उन्हाळा सरता सरता मला एका शीतगृहाच्या ऑफिसात काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी होता, पण दर महिन्याला होता. मृगाच्या आधी सासूबाई गावी गेल्या. पेरणीच्या वेळी घरी असायला हवं म्हणाल्या. बसस्टँडवर खिडकीतून त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "येतो." तिकडच्या बाया 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. बस निघेपर्यंत मी उभा राहिलो.

आठवडाभरानं बायको फोनवर त्यांच्याशी बोलत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आईला गावात करमून नाही राहिलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, बाजाराले जाव तं कोणासंगं जाव?"

आता किराणा मोबाइलवर मागवतो. दारात पिशवी येते, आम्ही ती उघडतो, डबे भरतो. सासूबाई हिवाळ्यात येतात, पण गुडघ्यांमुळे जिना चढउतर करत नाहीत. मागच्या खेपेला मी सहज विचारलं, "आई, लकडगंजला एक चक्कर मारू का ई-रिक्षानं?" त्या लगेच उठून पायात चपला घालू लागल्या. काय घ्यायचं आहे, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं.