शेजाऱ्यांनी कोरलेली पाटी

शेजारचे जोशी निवृत्तीनंतर हौसेने कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं यंत्र घेऊन बसले आहेत. परवा त्यांनी फळीवर कागद ठेवला, पातं हळूहळू खाली आणलं आणि कागद अडकल्यावर म्हणाले, "पातं फळीला टेकलं. आता इथून बरोबर तीन मिलिमीटर खोल." मी तीस वर्षं हाताने पाट्या कोरतो. घरात भांडण झालं की माझी पटाशी जास्त खोल जाते. यंत्राला घर नाही.

पण त्यांची फळी मधे फुगलेली होती. मधली अक्षरं खोल गेली, कडेची नुसती ओरखडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

"तुमची सगळीकडे सारखी कशी येतात हो?" त्यांनी विचारलं.

"हाताला कळतं," मी म्हणालो. आधी रंधा मारून फळी सपाट करावी लागते, हे सांगितलं नाही.

ते त्यांचं त्यांनाच कळलं. काल त्यांनी माझ्याच नावाची पाटी आणून दिली. ती मी कपाटात ठेवली आहे. सकाळपासून चार वेळा बाहेर काढून प्रत्येक अक्षरातून बोट फिरवलं. कुठेतरी चुकले असतीलच.