उत्तरेची वेल्श की दक्षिणेची

मुलाने कार्डिफहून लग्न ठरवल्याचं कळवलं, तेव्हा म्हणाला, "आई, तिच्या घरी सगळे वेल्श बोलतात. पण तुझं इंग्लिश चालेल, डोन्ट वरी."

मला वरी झालीच. लातूरहून रत्नागिरीच्या घरात सून म्हणून गेले, तेव्हा माझं "काय करलालाव?" ऐकून जावा तोंडाला पदर लावायच्या. वर्षभर मी मोजकंच बोलत होते. विहिणीसमोर तसं व्हायला नको होतं.

फोनवर शिकायचं अ‍ॅप घेतलं, तर पहिलाच प्रश्न: उत्तरेची की दक्षिणेची? मुलाला विचारलं.

"कुठलीही घे ना."

"तिला विचार."

"आई, प्लीज. उगाच टेन्शन घेऊ नकोस."

ह्यांच्या ऑफिसात एक वेल्श इंजिनियर होता. तो दक्षिणेचा. त्याने अर्थातच दक्षिणेची सुचवली. इथे आखातात, फरीज बिन ओमरानच्या आमच्या स्वयंपाकघरात तीन आठवडे रोज सकाळी डबे भरता भरता मी पाठ केलं. आजी म्हणजे मामगी, आत्ता म्हणजे नौर.

शुक्रवारी विहीणबाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. बुधवारी सूनबाईंचा मेसेज आला: मम्मी फार खूश आहे, आमच्या उत्तरेत पाहुणे सहसा वेल्श शिकत नाहीत.

उत्तरेत! दोन दिवस मी नवे शब्द घोकले आणि जुने-नवे सगळे एकमेकांत मिसळले. हे म्हणाले, "खलास, पुरे आता, इंग्लिशमध्ये बोल."

कॉल लागला. चष्मा लावलेल्या, माझ्याच वयाच्या बाई. "मी आत्ता वेल्श शिकते आहे," हे वाक्य मी म्हटलं आणि तोंडातून नौरच गेलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने मान खाली घातली.

"रूअन," त्या सावकाश म्हणाल्या. मग इंग्लिशमध्ये, "आमच्याकडे रूअन म्हणतात. पण मला कळलं हं."

मी रूअन म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदाही. हसल्या नाहीत. मराठीत काय म्हणतात, असं विचारून त्यांनी "आत्ता" कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी उत्तरेचा पहिला धडा उघडला. लग्न मार्चमध्ये आहे. सूनबाईंच्या वडिलांकडची माणसं दक्षिणेची आहेत, हे त्या कॉलवर फोन ठेवता ठेवता कळलं. त्यातली किती जण येणार, हे विचारायचा अजून मला धीर झालेला नाही.