खुर्सावर फोडलेला नारळ

माझ्या भावाचा डोळा गेला तो एका नारळापायी. भाऊ सावंतवाडीकडचा, शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. मी डिचोलीत दिलेली, म्हणून नव्या ट्रकच्या पहिल्या खेपेला त्याने हौसेने मला केबिनमध्ये बसवले. सर्वणच्या वळणावर पांढरा खुर्स आहे, ख्रिस्ती लोकांचा क्रूस. आमचे हिंदू ड्रायव्हरसुद्धा येता-जाता तिथे हात जोडतात, फूल ठेवतात. याने काय करावे? नारळ काढला आणि खुर्साच्या पायावर दणकन आपटला. आपल्याकडे देवापुढे फोडतात तसाच! गिलावा जुना, त्याचा टवका उडाला.

त्या दिवसांत खुर्स फोडल्याच्या बातम्या कुठून कुठून येत होत्या. समोरच्या मैदानातली ख्रिस्ती पोरे धावत आली. "अरे, नारळ वाढवला त्याने!" मी ओरडले. पण ऐकतो कोण? मेल्यांनी त्याला आडवा पाडून लाथांनी तुडवला. मी उडी टाकली आणि एकाच्या दंडाला असा चावा घेतला की माझ्या तोंडात त्याचे रक्त आले. तेवढ्यात रोज आमच्या दारात पाव घेऊन येणारा म्हातारा पदेर गर्दीत घुसला आणि भावाच्या अंगावर पालथा पडला. "मारूं नाकात रे, तो पांयां पडटालो!" कोणीतरी हाणलेल्या लोखंडी सळीचा एक घाव म्हाताऱ्याच्या डोक्यात बसला, दुसरा भावाच्या डोळ्यावर. सळी कोणाच्या हातात होती ते मला त्या झोंबाझोंबीत दिसले नाही.

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. सासरे येऊन बडबडत बसले. पोर्तुगिजांच्या पाद्रींपायी आमच्या पूर्वजांनी देव टोपलीत घालून नदी ओलांडली, आणि आता यांची पोरे आमचे डोळे काढतात! एरवी ती जुनी कहाणी ऐकून मला कंटाळा यायचा. त्या दिवशी शब्दन् शब्द पटला.

हवालदार जबानी घ्यायला आला. पदेर म्हणाला, "मारणाऱ्याला मी माफ केलं. देवाने तेच शिकवलंय. माझी तक्रार नाही."

माझे डोकेच फिरले. हाताला लागलेला तांब्या मी भिंतीवर हाणला. "पदेरमामा, दुसरा गाल पुढे करा म्हणतो ना तुमचा देव? मग करा! पण स्वतःचा करा. डोळा गेला माझ्या भावाचा, आणि माफी तुम्ही वाटणार? कोणी दिला हो तुम्हाला हक्क?"

म्हाताऱ्याच्या डोक्याच्या पट्टीतून रक्त पाझरत होते. त्याने कुशीवर वळून भावाच्या बांधलेल्या डोळ्याकडे बघितले.

"खरं गो बाय," तो म्हणाला. "जन्मभर चर्चमध्ये मिसाला बसलो, पण हे कधी मनात आलं नाही. माझा मार मी माफ केला. याचा माफ करणारा मी कोण?" मग हवालदाराला म्हणाला, "लिहा. सळी कोणाकडे होती ते मी बघितलंय."

त्याने एक नाव सांगितले. मी ते कधी ऐकले नव्हते.

"बापाचं नाव?" हवालदाराने विचारले.

"मीच," पदेर म्हणाला.

मला नाव हवे होते, ते मिळाले. मी त्याच्या खाटेपाशी बसले आणि ओक्साबोक्शी रडले.