आधी पट्टा, मग यंत्र

पनवेलच्या बाजारातून परतणाऱ्या माझ्या मामाच्या गळ्यात काळ्या रबराचे पट्टे असत; निवडून आलेल्या उमेदवाराच्या गळ्यात हार असावेत तसे, आणि तितक्याच ऐटीत. शेतीचे यंत्र घ्यायचे तर त्याचा पट्टा जवळ मिळतो का, हे आधी पाहावे, असा त्याचा नियम होता. नुसते पाहून त्याचे समाधान होत नसे. तो पट्टा विकतच घेई. मग यंत्र नापसंत ठरे आणि पट्टा खुंटीवर जाई. न घेतलेल्या यंत्रांच्या त्या पट्ट्यांनी पडवीत एक उष्ण, कडवट वास कायमचा मुक्कामाला आणला होता. मामी म्हणे, "लगीन जमत नाय, नि मंगळसूत्र दर वक्ताला घरात!"

अखेर उरणच्या बाजूला एक जुना पॉवर टिलर जमला. त्या दिवशी मामा विकणाऱ्याशी चार शब्दही बोलला नाही. सकाळभर तो त्याच्या शेजाऱ्यांकडे चहा पीत बसला. "नव्याची खोड कोनाला म्हाईत?" तो मला म्हणाला. "जुन्याची शेजारी सांगतान, बाय." मग त्याने इंजिनातले तेल दोन बोटांत चोळले, हुंगले आणि डोळे मिटले. अत्तराच्या दुकानातही इतकी तंद्री मी पाहिलेली नाही.

त्या टिलरची जी सेवा झाली, ती मामीच्या वाट्याला कधी आली नाही. भातलावणीआधीची चिखलणी संपली की दात्यांमधला गाळ काडीने कोरून निघे, सांध्यांना ग्रीस लागे, चाके फळ्यांवर चढत. बिनकामाच्या महिन्यांतही दर अमावास्येला इंजिन पाच मिनिटे धडधडे. स्वतःचे गुडघे मात्र करकरत असत. डॉक्टरकडे चल म्हटले, तर म्हणे, "तो नवीन हाय. थोरा वापरलेला होऊ दे."

मीही एकदा शहाणपण केले. लिंबासारखा पिवळा, चकचकीत, स्वस्त असा तण काढायचा वीडर फोनवरून मागवून त्याला भेट दिला. मामाने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "दिसाला ब्येस हाय. हिचा पट्टा तुटला तं मांगू कोनाला, फोनला?" चौथ्या दिवशी पट्टा तुटला. कंपनीने अत्यंत गोड भाषेत माझे आभार मानले. पट्टा काही पाठवला नाही. पुढे त्या वीडरवर कोंबड्या झोपू लागल्या, आणि पाहुण्यांना मामा तो आवर्जून दाखवी. "आमचे भाचीनं दिलाय. शिकलेली हाय."

टॉवरांच्या सावलीत उरलेली त्याची पंधरा गुंठे भातजमीन मुलाच्या, दिनेशच्या डोळ्यांत सलत होती. दिनेश जमिनींची दलाली करी. त्याची पांढरी गाडी न चुकता सर्व्हिसिंगला जाई. एकदा तो चिडून म्हणाला, "बाबा, ज्या वर्षी हा टिलरचा डबा बंद पडेल, त्या वर्षी शेत विकायचं."

"कबूल," मामा म्हणाला. "पन बंद पडल्याव. आदी नाय."

बंद पडला तो मामाच. फाल्गुनात, दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही.

ज्येष्ठात दिनेश शेताला गिऱ्हाईक घेऊन आला. मामी दारातच उभी राहिली. "बापाशी काय ठरवलावतास? आदी हँडल मार."

पांढरे बूट सावरत त्याने हँडल फिरवले. इंजिन खोकले आणि गप्प झाले. दिनेशच्या चेहऱ्यावर उजेड आला. दुसऱ्या फिरवणीला निळसर धूर निघाला, आणि सारे अंगण धडधडू लागले. यंत्र चालू झाल्याचे इतके दुःख मी कुणाच्याही तोंडावर पाहिलेले नाही. गिऱ्हाइकाने घड्याळात पाहिले आणि निरोप घेतला.

पाऊस स्थिरावल्यावर दिनेशने चिखलणीला टिलर घातला. यंत्र त्याला शेतभर वाकडेतिकडे ओढत होते. मधूनच तो ओरडला, "आये, हिच्यात तेल कंचा घालायचा?"

"मना काय इचारतंस?" बांधावरून मामी कडाडली. "जल्मभर त्यानं मना हात लावू दिला नाय!"

आणि चप्पल काढून ती चिखलात उतरली.