सतराच्या पाढ्याइतका दम

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिरकरवाड्याच्या बंदरात एका ट्रॉलरवर बुडी मारणारा माणूस हवा होता. ट्रॉलरच्या पंख्याला जाळ्याचा दोर गुंडाळला की इंजिन बंद पडतं. मग कुणीतरी कोयती घेऊन खाली जायचं आणि दोर कापून यायचं. मालक मला म्हणाले, "पोहणारे इथे ढीगभर आहेत. पाण्याखाली दीड मिनिट राहायला जमलं तर नारळी पौर्णिमेला ये."

मला हे काम हवंच होतं. मिल बंद पडून वडील मुंबईहून परत आले होते, आणि ज्या मुंबईने त्यांना घरी बसवलं तिकडेच मला धाडायचं त्यांचं चाललं होतं. आईला ते अजिबात पसंत नव्हतं. "इथेच काय ते बघ," एवढंच ती म्हणायची. मालकांचं बोलणं सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मग मोजायला मी बसते."

भाट्याला आमच्या घरामागे विहिरीला लागून सिमेंटची टाकी होती, पावसाळ्यात तुडुंब भरलेली. मी डोक्यासकट पाण्याखाली बसायचो आणि आई काठावर भांडी घासत पाढे म्हणायची. घरातलं एकुलतं एक घड्याळ माजघराच्या भिंतीवर, ते टाकीवरून कसं दिसणार? आई चौथी शिकलेली, पण तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ. "नुसते आकडे मोजताना कुणी हाक मारली की चुकतात. पाढा चुकत नाही." सुरुवात करण्याआधी तिचा एक पाढा आम्ही भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितला. बरोबर दहा सेकंद. बेपासून धरलं तर दहाच्या पाढ्याला दीड मिनिट होणार होतं.

पहिल्या दिवशी पाचाच्या पाढ्यावर नाकातोंडात पाणी घेऊन वर आलो. मग आठ, मग अकरा. आषाढ सरताना एकदा वर आलो तेव्हा आई म्हणत होती, "सतरा पंचे पंच्याऐंशी." अडीच मिनिटांच्याही वर! मला स्वतःचं नवल वाटलं. छाती तीच, पोटात बसणारे आचके तेच, फार वेळ झालाय असंही वाटलं नव्हतं. पण पाढा चुकत नाही ना? मी वाडीभर सांगत सुटलो. वडील फक्त "हं" म्हणाले.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी मालकांनी जेटीवर बोलावलं. नांगराचा दोर धरून मी खाली गेलो, आणि वर आलो तो हसतच. मालकांनी मनगट पुढे केलं. "मिनिट आणि वर थोडं. काय रे, एवढ्यावर गावभर दवंडी पिटलीस होय?" खलाशी खो-खो हसले. माझं तोंड एवढंसं झालं. "परवा एकदा बघू," म्हणून मालक गेले.

घरी येऊन झालेलं सांगितलं. आई म्हणाली, "त्याचंच घड्याळ मागे पडत असेल." मलाही ते पटलं, खोटं कशाला सांगू? पण मनात काहीतरी ठसठसत राहिलं. संध्याकाळी पुन्हा टाकीत उतरलो. नेहमीसारखी बुडी मारली आणि या खेपेला थोड्या वेळातच, आवाज न करता, डोकं कानांपर्यंत पाण्याबाहेर काढलं.

एरवी मी वर आलो की संथ ऐकू येणारा आईचा पाढा नुसता धावत होता. पाचाचा संपायच्या आत सहाचा सुरू, शब्दांवर शब्द आदळत होते. भांडी बाजूला पडलेली, डोळे मिटलेले, राख तशीच हाताला, आणि एक हात माझ्या डोक्याच्या वर धरलेला, नुसता धरलेला, टेकवलेला नाही.

मी उसळून उभा राहिलो. "अगो आई, हे काय? सगळ्या पावसाळ्याचं वाटोळं केलंस. हळू म्हण ना."

"हळू म्हणू?" ती माझ्यावरच उखडली. "आणि तू मेल्या तेवढा वेळ आत राहिलास तर?"

मी इथे राहावं म्हणून हीच मोजायला बसली होती, आणि मी वर यावं म्हणून हीच पाढे पळवत होती. राग कुणावर काढावा तेच समजेना. रात्री जेवलो नाही, तर तीही जेवली नाही.

परवाच्या दिवशी मी जेटीवर निघालो तर आई मागोमाग. "मला मासळी घ्यायची आहे," म्हणाली. रिकामी पिशवी घेऊन पायऱ्यांवर उभी राहिली. मी दोर धरून खाली गेलो. या वेळी काही मोजलं नाही. मोजायला माझ्याकडे उरलंच काय होतं? आचके आले, मी येऊ दिले. वर पायऱ्यांवर ती कुठल्या पाढ्यावर असेल एवढंच डोक्यात होतं. त्या दिवशी वेगळं काय केलं, ते अजूनही मला सांगता येत नाही.

वर आलो तेव्हा मालक घड्याळाकडे बघत मान हलवत होते. "जमलं की रे. पौर्णिमेपासून ये."

मी पायऱ्यांकडे बघितलं. पदराचं टोक मुठीत आवळून आई पाण्याकडे बघत होती आणि तिचे ओठ चाललेच होते. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, "बे त्रिक सहा, बे चोक आठ..." तीसपर्यंतचे सगळे संपवून तिने पुन्हा बेपासून धरलं होतं.

"आई, झालं. मिळालं काम. मुंबई टळली."

"बरं झालं," ती म्हणाली. पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग मालकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "आणि रोज मोजायला इथे कोण बसणार?"