बस ना, वहिनी

नलू गेली, त्याला महिना उलटला. पेपरात छापून आलं की इकडच्या कारखान्यांच्या ऑफिसांना साधं, मोकळं, नवं रूप देणारी ती पहिली बाई. खरं आहे. पण तिच्याच घरात तिची वहिनी, म्हणजे मी, जन्मभर फरशीवर बसले, ते कुणी छापलं नाही.

मी सटाण्याकडची, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा नलू शाळेत होती. पुढे मुंबईला शिकली, लग्न केलं नाही, इंदिरानगरला आमच्याजवळच राहिली. सिन्नरच्या कारखान्यांची ऑफिसं सजवायची... सजवणं म्हटलं की चिडायची. "सजवत नाही गं, बसायला नीट करते." टेबल-खुर्च्यांचं चित्र काढण्याआधी दिवसभर तिथल्या कारकुनांत बसून राहायची, कोण पाठीला उशी लावतं ते बघत. एका साहेबाने विचारलं, "माझी मोठी खुर्ची कुठंय?" ही म्हणाली, "साहेब, पाठ सगळ्यांना सारखीच असते." ते काम गेलं. घरी येऊन पोटभर जेवली.

तिची पहिली खुर्ची तिने घरी आणली. "बस ना, वहिनी." समोर मामंजी, माझे सासरे. त्यांच्यापुढे सून खुर्चीवर बसत नसे. पुढे मामंजी गेले, तरी माझं बसणं झालं नाही.

"आता कुणाची लाज?"

"लाज नाही, सवय. तुझ्या खुर्चीपेक्षा फरशी गार."

ती हसायची. पण एकदा म्हणाली, "ऑफिसातल्या बायका बसतात, घरातली एक बसत नाही. मग मी केलं काय?" मी भाजी निवडत राहिले.

शेवटी ती अंथरुणाला खिळली. मी पलंगाशेजारी, नेहमीसारखी फरशीवर. "वहिनी, तू दिसत नाहीस..." आवाज अगदी बारीक. मी तिची ती खुर्ची ओढली आणि बसले. तर ही मान वाकडी करून खाली बघायला लागली. कुणीही खुर्चीवर बसलं की ती आधी पायच बघायची.

"टेकले?"

"टेकले."

"टेकणारच. तुझंच माप आहे."

"कधी घेतलंस?"

"तू ओट्याशी उभी असायचीस तेव्हा. बसत कुठे होतीस!"

त्याच आठवड्यात गेली. भेटायला येणारे त्या खुर्चीकडे वळले की मी त्यांना सोफा दाखवते. ती माझी जागा आहे.